चार बोटं कमी

गुरुजींनी दोऱ्याचं रीळ मागितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना जरा हायसं वाटलं. सकाळपासून त्यांनी मागितलेली एकही वस्तू धड सापडली नव्हती. काळे तीळ शेजारून आणावे लागले. मडकं तडकलेलं निघालं. दर्भाची जुडी पमाच्या वडिलांनी, भाऊने, खिडकीत ठेवली होती, तिच्यावर मांजर झोपलं होतं. पण दोरा? ठाण्याच्या चरईतल्या फणश्यांकडे दोरा मागणं म्हणजे खाडीत उभं राहून पाणी मागणं. बाहेरच्या खोलीत शिवणाची दोन मशिनं, भिंतीवर खडूची पिशवी, कात्र्या, आणि दर शनिवारी दुपारी शिवण शिकायला येणाऱ्या अकरा मुली. पमाने चाळीस नंबरचं पांढरं रीळ आणून गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

"तीनशे साठ देठ मोजून झाले," गुरुजी म्हणाले. "शीळफाट्याच्या मारुतीने पळस चांगला ताजा आणलाय. आता माणसाची लांबी द्या. डोक्यापासून टाचेपर्यंत. दोऱ्याने माप घ्यायचं, तेवढ्याच लांबीचा पुतळा बांधायचा."

ज्या माणसाची लांबी हवी होती तो बारा वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

त्र्यंबककाका रंगूनला गेले तेव्हा पमा जेमतेम रांगत होती. तिकडे त्यांनी छत्र्यांचं दुकान काढलं. बेचाळीस सालच्या फेब्रुवारीत त्यांचं शेवटचं पत्र आलं. 'शहर रिकामं होतंय, दुकान बंद केलं, दहाजणांबरोबर चालत निघतोय.' त्यानंतर काही नाही. त्या दहाजणांपैकी कुणी पोचला असेल तर तो ठाण्याला सांगायला आला नाही. बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे म्हणे. यंदा बारा वर्षं भरली.

आणि यंदाच त्यांच्या बायकोला, मोठ्या काकूला, नैरोबीला जायचं होतं.

हे सगळं शीलाच्या पत्रापासून सुरू झालं होतं. शीला काकूची शाळेतली मैत्रीण. नवरा तिकडच्या रेल्वेत. 'इथे आपल्या बायकांना धड पोलकं शिवून मिळत नाही मंदे. शाळांच्या गणवेशांची कामं तर घरात मावणार नाहीत इतकी. रस्त्यावरची खोली पाहून ठेवलीय, बाहेर पाटी लावायला जागा आहे. परवाना काढलाय, नोव्हेंबरअखेर चालेल. ये.' पमाने तर पाटी रंगवूनसुद्धा ठेवली होती, फळकुटावर, निळ्या रंगात. 'मंदाकिनी ड्रेसमेकर्स, नैरोबी.' अक्षर इतकं सुरेख आलं होतं की शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना दाखवावंसं वाटत होतं.

अडलं ते पासपोर्टाच्या कचेरीत. तिथल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. नवऱ्याची सही आणा, नाहीतर नवरा हयात नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, त्याच्या वडिलांच्या सहीचं. कागद भाऊने टाइप करून आणला. तो गेले तीन आठवडे आजोबांच्या पाटाखाली पडून होता.

"विधी करायचा तर करा," आजोबा म्हणाले होते. "मी येणार नाही आणि सही करणार नाही. माझा मुलगा मेलाय हे मी कुठल्याही कागदावर लिहून देणार नाही."

आताही ते खिडकीशी पाठ करून बसले होते, तपकिरीची डबी मुठीत धरून.

"लांबी," गुरुजींनी पुन्हा आठवण केली. "ओहोटी साडेबाराला आहे. त्याआधी पलीकडे पोचायला हवं."

पमाला प्रश्न ऐकला की उत्तर द्यायची घाई व्हायची. वक्तृत्वस्पर्धेत पहिली आल्यापासून तर फारच.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "चौकट आहे की."

माजघराच्या चौकटीवर सुरीने केलेल्या खुणा होत्या. दर पाडव्याला मुलांची उंची चौकटीवर घ्यायची, ही फणश्यांची रीत. सगळ्यांत वरची खूण जाड होती, कारण तिथे तिघांची एकावर एक होती. आजोबांची, त्र्यंबककाकांची आणि भाऊची. दोन्ही मुलगे बापाच्या उंचीला येऊन थांबले, अर्धं बोटही इकडेतिकडे नाही, हे आजोबा पाहुण्यांना चौकटीजवळ नेऊन सांगायचे.

"आणि चौकटीला दोरा कशाला लावायचा," पमा म्हणाली. "भाऊ आहे ना. भाऊ, तू उभा राहा. तुझं माप तेच काकांचं."

"पोरगी हुशार आहे," गुरुजी म्हणाले.

भाऊ उभा राहिला. पमाने स्टुलावर चढून त्याच्या डोक्यावर दोरा धरला, गुरुजींनी खाली टाचेशी ओढून गाठ मारली. मापं घेण्याची या घराला इतकी सवय, की आपण काय करतोय हे कुणाच्या मनातही आलं नाही. भाऊने तर सवयीने छातीत हवा भरून घेतली.

स्वयंपाकघराच्या दारातून आई आली. हातात तांदळाच्या पिठाची परात होती. तिने दोऱ्याकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं, आणि परात खाली ठेवली.

"हे कुणाचं माप?"

"त्र्यंबकचं," भाऊ म्हणाला.

"भावजींचं? की तुमचं?"

"एकच ना ते, शुभदा."

"एकच कसं? तुम्ही उभे आहात इथे. गुरुजी, जित्या माणसाच्या अंगावरचा दोरा तुम्ही चितेत घालणार?"

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. "हे मात्र... बाई म्हणतात त्यात तथ्य आहे. माझ्याही ध्यानात आलं नाही."

भाऊ कपाटाला टेकला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आलेले पमाला स्टुलावरून स्पष्ट दिसले. आईने गुरुजींच्या हातातून दोरा घेतला, त्याचे कात्रीने बारीक बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा मोजल्यासारखा पदरात गोळा केला.

"राहू दे मग हा विधी," भाऊ म्हणाला. "तात्या नको म्हणतच आहेत. आणखी दोन वर्षं थांबू. वहिनी, तुम्ही शीलाताईंना कळवा..."

काल रात्रीच्या जेवणापर्यंत काकूच्या बाजूने बोलणारा घरात हा एकच मोठा माणूस होता. पमाला त्याचा असा काही राग आला की स्टुलावरून उतरताना तिने मुद्दाम आवाज केला.

"थांबू नका," काकू म्हणाली.

ती इतका वेळ मशिनाशी बसली होती. तिने रिळातून दोरा सोडला, एक टोक अंगठ्याखाली धरलं आणि मशिनाच्या फळीवर कोरलेल्या इंचांवर तो लांबवत नेला, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, जसं ती रोज कुणाच्या ना कुणाच्या कापडाचं करायची. मग गाठ मारली. दाताने दोरा तोडला.

"हे त्यांचं माप. गुरुजी, घ्या."

गुरुजींनी दोरा चौकटीला लावून पाहिला. खालचं टोक उंबऱ्याला टेकवलं. वरचं टोक जाड खुणेपर्यंत पोचलंच नाही. त्यांनी मधल्या जागेवर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार.

"चार बोटं कमी आहे."

तेव्हा कुठे आजोबा खिडकीतून वळले.

"मंदाकिनी," ते म्हणाले. "तू कधी कुणाचं माप चुकलेली मला आठवत नाही. माझ्या मुलाची चार बोटं तू कुठे टाकलीस?"

"टाकली नाहीत मामंजी. गेली ती. पोक आला होता त्यांना."

खाली रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत चालला होता. त्याचा आवाज मध्येच तुटल्यासारखा थांबला. निदान पमाला तरी पुढे ऐकू आला नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

काकू उठली. ती आतून पत्र्याची ट्रंक घेऊन आली आणि आजोबांच्या पुढे ठेवून तिने कडी काढली.

या ट्रंकेत काय आहे ते पमालाच काय, सगळ्यांनाच ठाऊक होतं. बारा सदरे. दर दिवाळीला घरात आजोबा सोडून सगळ्यांना नवं शिवलं जायचं आणि आजोबांच्या हट्टाने त्र्यंबककाकांनाही एक सदरा शिवला जायचा. पाडव्याच्या संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीतल्या खुंटीला अडकवायचा. सकाळी काकू तो काढून घडी घालायची आणि ट्रंकेत ठेवायची. लहानपणी पमाला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी अशी एक खुंटी असते.

पण ट्रंकेतल्या घड्या उलगडून कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. काकूने त्या आता एकेक करून जमिनीवर मांडल्या. बेचाळीस, त्रेचाळीस, असं करत त्रेपन्नपर्यंत. आतल्या पट्टीवर साल दोऱ्याने टाचलेलं होतं.

"पमे, तू शिवण शिकतेस माझ्याकडे," काकू म्हणाली. "हा बघ, चव्वेचाळीसचा. काय दिसतं?"

पमा गुडघे टेकून वाकली. सदरा कोरा, धुतलेला नव्हता, कापडाची खळ तशीच होती. पण कोपरांशी सुरकुत्या होत्या. काखेत घामाचा पुसट पिवळा अर्धगोल होता. कॉलरच्या आतल्या बाजूला तेलकट रेघ.

"कुणीतरी घातलाय," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला आपला आवाज आवडला नाही.

"पंचेचाळीसचा."

"हाही."

"सेहेचाळीस. मागची किनार बघ."

मागची किनार वर खेचली गेल्याची घडी कापडावर राहिली होती आणि पुढची खाली लोंबली होती. हे कशाने होतं ते पमा दुसऱ्याच महिन्यात शिकली होती. वाकलेल्या पाठीच्या गिऱ्हाइकाला सरळ पाठीचा सदरा दिला की असं होतं. सत्तेचाळीसमध्ये ती घडी आणखी वर होती. अठ्ठेचाळीसमध्ये सदऱ्याची पाठ पार ताणलेली, आणि छाती मात्र रिकामी, चुण्या पडलेली, जशी आतल्या माणसाची बरीच झड झाल्यावर पडते.

"मी दर वर्षी घडी घालताना माप लिहून ठेवायचे," काकू म्हणाली. तिने गिऱ्हाइकांच्या मापांची वही उघडून मागचं पान दाखवलं. "कापड सगळं सांगतं. गिऱ्हाईक खोटं बोलेल, कापड बोलत नाही. अठ्ठेचाळीसला चार बोटं वाकले होते ते."

"जाऊबाई," आई हळूच म्हणाली, "आणि हे पुढचे?"

एकोणपन्नास ते त्रेपन्न. पाच सदरे. पमाने एकेक उचलून पाहिला. इस्त्रीची घडी जशीच्या तशी. कोपरं सपाट. कॉलर पांढरी स्वच्छ. बाजारातून आणलेल्या सदऱ्यालाही हाताळल्याचा डाग असतो. यांना तोही नव्हता.

"एकोणपन्नासच्या पाडव्यानंतर सकाळी मी खुंटीपाशी गेले," काकू म्हणाली, "तर सदरा तसाच. मी दिवसभर हातात घेऊन बसले होते. तुम्हाला वाटलं ताप आलाय. तेव्हाच मला कळलं. मामंजी, तुमचा मुलगा पाच वर्षांपूर्वी गेला. मी पाच वर्षं हे कुंकू तुमच्यासाठी लावतेय."

आजोबांनी बेचाळीसचा सदरा उचलला. नाकाशी नेला. त्यांच्या हातातली डबी गळून फरशीवर घरंगळत मशिनाखाली गेली आणि ती उचलायला कुणी हललं नाही.

"हा मी घातला होता," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"त्रेचाळीसचापण मीच. पहाटे उठून अंगात चढवून बसायचो, उजाडायच्या आत परत खुंटीला. तू अन्न सोडलं होतंस. तुला वाटावं, येऊन गेला. तुझ्या पोटात चार घास जावेत म्हणून..."

"तपकिरीचा वास होता दोन्हींना," काकू म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी एवढं करता, म्हणून मी जेवायला लागले."

"हो. लागलीस. म्हणून मग मी घालायचं सोडलं." आजोबांनी चव्वेचाळीसचा सदरा हुंगला. पंचेचाळीसचा. मग पुढचे तिन्ही, एकापाठोपाठ, घाईघाईने, आणि त्यांचा चेहरा पमाने कधी पाहिला नव्हता असा झाला. "सोडलं होतं मी. मंदाकिनी, हे पाच माझे नाहीत."

"ठाऊक आहे," काकू पुन्हा म्हणाली. "त्यांना वास नाही."

भिंतीवरची खुंटी रिकामी होती. तिघंचौघं तिच्याकडे पाहत होते आणि मग सगळ्यांनी एकदमच नजर काढून घेतली, आपण पाहत होतो हे दुसऱ्याला कळू नये अशी. भर सकाळ होती. भाद्रपदातलं पांढरं ऊन खिडकीतून थेट सदऱ्यांवर पडलं होतं. पमाला वाटलं, रात्र असती तर बरं झालं असतं. रात्री घाबरलं तर निदान कुणी हसत तरी नाही.

"भूत म्हणता तुम्ही याला?" भाऊने विचारलं.

"मी कशाला काय म्हणू. मी शिंपीण. मी मापं लिहिली."

आई उठली. फणश्यांच्या घरात सासऱ्यासमोर कधी आवाज न चढवलेली, विधीला पहिल्यापासून तोंड वाकडं करणारी, जाऊबाई गेल्या तर शिवणवर्ग माझ्या गळ्यात पडेल म्हणून पमाकडे कुरकुरणारी आई. तिने आजोबांच्या पाटाखालचा कागद काढला, झटकला आणि मशिनाच्या फळीवर ठेवला.

"मामंजी, सही करा," ती म्हणाली. "भावजी येऊन सांगून गेलेत. आणखी काय करायला हवं होतं त्यांनी?"

आजोबांनी कागदाकडे पाहिलं नाही. ते चपला शोधत होते. "आधी पलीकडे जाऊ," ते म्हणाले. "बापाने यायचं नसतं. पण मी येतो."

खाडीवर धाकू होडी घेऊन थांबला होता. कळव्याच्या अंगाला त्याच्या वाडीजवळ किनाऱ्याचा एक मोकळा तुकडा होता, गुरुजींनी तोच ठरवला होता. होडीत त्याच्याशिवाय सहाजण आणि चादरीत गुंडाळलेला पुतळा. पुतळा म्हणजे काय, काकूच्या दोऱ्याने बांधलेली देठांची एक मोळी आणि डोक्याच्या जागी नारळ. पमाने मघाशी तो एका हाताने उचलून पाहिला होता. धाकूने वल्हं मारलं, थांबला, होडीच्या काठाशी आलेल्या पाण्याकडे पाहिलं, पुन्हा मारलं.

पलीकडे चिखल उघडा पडला होता. नेहमी खेकड्यांची तिथे नुसती पळापळ असते. त्या दिवशी बिळं होती, खेकडे नव्हते.

गुरुजींनी पुतळा दर्भावर निजवला, पाय दक्षिणेला. मग कापड मागितलं. काकूने पिशवीतून अठ्ठेचाळीसचा सदरा काढला.

"बाई, हा ढगळ होईल," गुरुजी म्हणाले. "देठांना अंग ते काय."

"घालून बघा."

भाऊने आणि गुरुजींनी मिळून तो घातला. पमा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. सदरा मोळीवर आला, खांदे खांद्यांवर बसले, पाठ भरली, आणि ज्या चुण्या घरी फरशीवर नुसत्या कापडात दिसत होत्या त्या आता बरोबर आपापल्या जागी होत्या. गुरुजींनी शेवटची गुंडी लावली आणि हात पटकन मागे घेतला.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले.

भाऊने अग्नी दिला. देठ ओले म्हणून धूर फार झाला. वारा नव्हता, तरी धूर वर चढला नाही. तो पाण्याला चिकटून समुद्राच्या दिशेला सरकत गेला, वाट माहीत असल्यासारखा. सदरा बराच वेळ पेटला नाही. आत ऊन हवा भरली आणि बाह्या हळूहळू फुगल्या, आधी उजवी, मग डावी, जसं कुणी एकेक हात घालतं. आईने पमाचं तोंड आपल्या कुशीत दाबलं. पण तोवर पमाने पाहिलं होतं. बाह्या उचलल्या गेल्या, क्षणभर तशाच राहिल्या आणि मग सगळं एकदम पेटलं.

काकू पाण्यात उतरली. तिने वाकून स्वतःचं तोंड धुतलं. कुंकू पुसायला कुणी पुढे झालं नव्हतं, तिने कुणाला होऊ दिलंही नसतं. वर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. मंगळसूत्र तिच्या मुठीत होतं. तिने ते आजोबांपुढे धरलं.

"तुझंच आहे," आजोबा म्हणाले. "तिकडे खोलीचं भाडं अडलं तर मोड. नाहीतर ठेव."

परतताना सहाच माणसं होती. धाकूने चार वल्ही मारली आणि बराच वेळ मनात ठेवलेलं बोलून टाकलं.

"तात्या, जाताना होरी भारी लागत व्हती. लय भारी. मना वाटलं पानी भरतंय." त्याने वल्ह्याने काठ ठोकला. "आता बगा, कशी हालकी झाली."

"हो रे," आजोबा म्हणाले. "झाली."

घरी आंघोळी झाल्यावर आजोबांनी सही केली. मशिनाच्या फळीवर कागद ठेवून, नावातलं एकेक अक्षर सुटं काढत. विश्राम गणेश फणसे. भाऊने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पमाने मनातल्या मनात ती निळी पाटी एका ऊनभरल्या अनोळखी रस्त्यावर टांगली.

"आता माझं एक काम कर मंदाकिनी," आजोबा म्हणाले. "बारा वर्षं दिवाळीचा सदरा मी स्वतःला शिवू दिला नाही. यंदा दिवाळीला तू बोटीवर असशील. त्याच्या आधी मला एक शिवून ठेव."

काकू हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. तिने टेप गळ्यात टाकली. "पमे, वही घे. मी सांगते, तू लिही."

पमाने मापांची वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"खांदा साडेसोळा. बाही बावीस. छाती चौतीस." काकू आजोबांच्या मागे गेली. "पाठ सव्वासोळा."

पमा लिहीत होती. लिहिता लिहिता तिची नजर शेजारच्या पानावर गेली, आणि पेन्सिल थांबली. तिथे काकूच्या अक्षरात अठ्ठेचाळीसची ओळ होती. साडेसोळा. बावीस. चौतीस. सव्वासोळा.

तिने वर पाहिलं. काकूने तिच्याकडे पाहिलं.

"आणि उंचीसुद्धा बघून टाक," आजोबा खुशीत म्हणाले. ते आपण होऊन माजघराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले, टाचा उंबऱ्याला टेकवून, हनुवटी वर करून, जसे ते पाहुण्यांसमोर राहायचे. "जाड खुणेला आहे ना अजून?"

काकू जवळ गेली. तिने तळहात त्यांच्या डोक्यावर आडवा ठेवला. मग तिथून वर खुणेपर्यंत बोटं लावली. पमा मोजत होती. ओठ न हलवता. आईही मोजत होती, स्वयंपाकघराच्या दारात, हातातलं ओलं फडकं न पिळता.

चौथ्या बोटानंतर खूण आली.

मघाशी धुरात गेलेला दोरा पमाला दिसला, त्याच्या गाठीसकट. जित्या माणसाच्या मापाचा.

"किती?" आजोबांनी विचारलं.

काकूने पमाच्या हातून वही घेतली, पेन्सिलही घेतली. उभ्याउभ्याच लिहिलं.

"तीन बोटं कमी झालात मामंजी," ती म्हणाली. "वयाने होतं तेवढं."

आणि मग ती खाली बसली, कापड पसरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून, चुकीच्या मापावर कात्री चालवायला लागली.